मुत्सद्द्याची तसबीर

नागपूर हे राज्यकारभाराचे शहर आहे. गोंड राजांनी ते वसवले, भोसल्यांनी ते नावारूपास आणले, १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रज रेसिडेंटाचा शब्द येथे प्रमाण मानला जाऊ लागला, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा त्याच्या राजधानीचा मान या शहराला मिळाला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो टिकला. आजही दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरते, तेव्हा सारे शासन आपल्या दफ्तरासह येथे मुक्कामास येते. इतक्या राजवटी ज्या शहराने पाहिल्या, त्याच्या न्यायालयांत, कचेऱ्यांत, महाविद्यालयांच्या सभागृहांत आणि जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत थोरामोठ्यांच्या तसबिरी टांगलेल्या असल्यास नवल नाही. जयंतीपुण्यतिथीला आपण त्यांना हार घालतो, समोर उभे राहून दोन शब्द बोलतो आणि आपापल्या कामाला लागतो. परंतु त्या रंगवलेल्या पुरुषापुढे उभे असताना आपली पाठ नकळत ताठ का होते आणि आवाज का उतरतो, हा विचार आपल्या मनाला सहसा शिवत नाही. तो शिवावा, याकरिता हा लेखनप्रपंच.

सत्ता ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. सारा वसूल होतो, हुकूम सुटतो, फौज हलते, कायदा संमत होतो, हे सारे दिसते. पण ज्या अखत्याराने हे घडते तो अखत्यार कोणाच्याही नाकाडोळ्यांत कोरलेला नसतो. राज्य चालवणारा पुरुष आणि त्याच वयाचा, त्याच बांध्याचा एखादा सामान्य गृहस्थ यांना शेजारी शेजारी बसवले, तर केवळ देहावरून त्यांच्यातला भेद सांगता येणार नाही. चित्रकाराला मात्र चेहरा, हात, वस्त्र आणि भोवतालची जागा एवढ्याच सामग्रीतून तो भेद प्रत्ययास आणून द्यावयाचा असतो, आणि त्याकरिता पाहणाऱ्यांच्या मनात आधीपासून रुजलेल्या खुणांचा आश्रय केल्यावाचून त्याचे चालत नाही. म्हणूनच मुत्सद्द्याच्या तसबिरीत त्या मुत्सद्द्याइतकाच त्याचा समाजही उतरलेला असतो. त्या समाजाने सत्तेचे अधिष्ठान कशात मानले, गादीत की पोशाखात, त्यागात की विद्येत, याचा तो रंगांत लिहिलेला पुरावाच होय. आपल्या मराठी मुलखातील गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या तसबिरी या दृष्टीने पाहिल्या, तर अधिष्ठानाचा हा पालट पायरीपायरीने उलगडत जातो.

चित्रकाराच्या हातची साधने

प्रथम साधनांचा विचार करू. पहिले साधन उंचीचे. ज्याचे चित्र काढावयाचे त्याला चौथऱ्यावर बसवले आणि चित्रकाराने खालून पाहून चित्र रेखाटले, म्हणजे पुढे ते पाहणाराही आपोआप खालच्या पायरीवर उभा राहतो. त्यात ती तसबीर दाराच्या चौकटीवर टांगली, की मान वर केल्याशिवाय तिचे दर्शनच घडत नाही. दुसरे साधन आकाराचे. आपादमस्तक, पुरुषभर उंचीचे चित्र ही दीर्घकाळ राजांची आणि सेनापतींची मिरास होती, कारण तेवढे कापड, तेवढा रंग, चित्रकाराचे तेवढे महिने आणि ते टांगण्याजोगी भिंत सर्वांना परवडत नसे. तिसरे साधन नजरेचे. चित्रातला पुरुष सरळ आपल्याकडे पाहत असेल, तर तो आपल्याला जाब विचारीत आहे असे वाटते, आणि आपल्या खांद्यावरून दूर कोठे तरी पाहत असेल, तर आपल्याला न दिसणारे काही त्याला दिसत आहे असा भास होतो. चौथे साधन हातांचे. तलवारीच्या मुठीवरचा हात, कागदावर टेकलेला हात आणि मांडीवर स्वस्थ पडलेला हात यांतून तीन निरनिराळे स्वभाव व्यक्त होतात. या सर्वांच्या भोवती पडदा, खांब, मेज, ग्रंथ, नकाशा असा सरंजाम मांडलेला असतो आणि त्यातली एकही वस्तू सहज म्हणून तेथे आलेली नसते.

ही भाषा सर्व देशांत एक नाही. मोगल दरबारातील चित्रकार बादशहाचा चेहरा बहुधा एका बाजूने दाखवीत आणि मस्तकामागे तेजाचे वलय रेखीत. बिचित्र नावाच्या चित्रकाराने जहांगीराला वाळूच्या घटिकायंत्रावर बसवून, समोर उभ्या असलेल्या राजांना डावलून एका सुफी साधूला ग्रंथ देताना रंगवले आहे, आणि त्या डावललेल्या राजांत इंग्लंडचा राजा जेम्सही आहे. युरोपात त्याच शतकाच्या शेवटी निराळी रीत दृढ झाली होती. १७०१ मध्ये रिगो या चित्रकाराने चौदाव्या लुईचे जे भव्य चित्र काढले, त्यात प्रभावळ नाही. तिचे काम मखमल, पांढरी फर, उंच खांब आणि राजदंडावर विसावलेला हात यांनी केले आहे. या दोन्ही परंपरा महाराष्ट्रात एकमेकींना भेटल्या त्या पेशवाईच्या उत्तरकाळात, आणि ती भेट मोठी उद्बोधक आहे.

गादी आणि गादीशेजारचा कारभारी

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने पुढच्या वर्षी पेशव्यांच्या दरबारी पोहोचला. मॅलेटच्याच पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली होती आणि गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार त्या वर्तुळात तयार झाला होता. वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटने आजही जतन केलेली आहेत. वेल्सपुढे तेव्हा जो प्रश्न उभा राहिला, तो कोणत्याही युरोपीय चित्रकाराला सहसा पडला नसेल. सवाई माधवराव नारायणरावांच्या वधानंतर १७७४ मध्ये जन्मले आणि अवघे चाळीस दिवसांचे असताना साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे त्यांच्या नावे स्वीकारली गेली. १७९२ मध्ये ते अठरा वर्षांचे होते. गादी त्यांची, शिक्का त्यांचा, मुजरा त्यांना; परंतु दफ्तर, खजिना, वकिलाती आणि गुप्त बातम्यांचे धागे नाना फडणविसांच्या हाती. मान एका ठिकाणी आणि अखत्यार दुसऱ्या ठिकाणी, अशा दरबाराचे चित्र खरे व्हावे आणि कोणाचा अवमानही होऊ नये, हे साधावे कसे?

वेल्सने काढलेला तोडगा त्याच्या १७९२ च्या तैलचित्रात दिसतो. हे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. त्यात तरुण पेशवा गादीवर विराजमान आहे, मागे सेवक उभे आहेत, आणि शेजारी, त्याच चौकटीत, नाना बसलेले आहेत. आपल्याकडे राज्यकर्ता उंच सिंहासनावर पाय सोडून न बसता लोडाला टेकून जमिनीलगतच्या बैठकीवर बसे; त्यामुळे उंचीवरून दर्जा ठरवण्याची युरोपीय युक्ती येथे लागू पडत नव्हती. येथे दर्जा ठरे तो गादीपासूनच्या अंतरावरून. कोण उभा, कोण बसलेला, कोण किती हातांवर बसलेला, कोणाला जवळ बोलावले, हे दरबारातील प्रत्येक माणसाला तोंडपाठ असे. म्हणून सेवक उभे आणि नाना बसलेले, आणि तेही धन्याच्या निकट, एवढ्या मांडणीतच त्या काळच्या पाहणाऱ्याला सारा राज्यव्यवहार कळून येत असला पाहिजे. राजपुरुषाच्या चित्रात त्याचा कारभारी इतका मोठा वाटा घेऊन बसलेला असावा, ही मला त्या काळच्या मराठी राज्याची सर्वांत सच्ची कबुली वाटते.

त्याच वर्षी महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले आणि बादशहाने पेशव्यांना दिलेल्या वकील-ई-मुतलकपदाचे फर्मान त्यांनी मोठ्या समारंभाने पेशव्यांस अर्पण केले. दिल्लीचा बादशहा ज्यांच्या आश्रयाला होता, ते महादजी पुण्याच्या दरबारात मात्र सर्वांच्या खाली जाऊन बसले आणि आपले वडिलार्जित काम धन्याचे जोडे सांभाळण्याचे आहे असे म्हणून त्यांनी पेशव्यांपुढे नवे जोडे ठेवले, ही ग्रँट डफने नोंदवलेली हकिकत प्रसिद्ध आहे. बैठकीची जागा हीच सत्तेची लिपी असेल, तर त्या लिपीत मुद्दाम खालची ओळ निवडून आपले सामर्थ्य अधिकच ठसवता येते, हे त्या मुरब्बी सरदाराने पुरते ओळखले होते. वेल्सने महादजींचेही चित्र काढले. पुढे महादजी १७९४ मध्ये गेले, १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि त्याच वर्षी वेल्सचाही अंत झाला.

त्याची रेखाटने मात्र मागे राहिली आणि त्यांच्या आधारे टॉमस डॅनियलने लंडनमध्ये एक भव्य चित्र सिद्ध केले. टिपूविरुद्धचा तह १७९० मध्ये पेशव्यांच्या दरबारी झाला, त्या प्रसंगाचे हे चित्र १८०५ मधले असून ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. दरबार भरलेला आहे, पेशवा आपल्या जागी आहे, सरदार-मानकऱ्यांच्या रांगा बसल्या आहेत. आणि तरीही चित्राचा नायक आहे तह घडवून आणणारा मॅलेट. दरबाराचे वैभव जितके डोळ्यांत भरावे, तितकी त्या दरबाराशी बरोबरीने बोलणी करणाऱ्या वकिलाची कामगिरी थोर ठरावी, असा या रचनेचा हिशेब आहे. हे चित्र पुरे होईपर्यंत वसईचा तह झालेला होता, आणि १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने आमच्या नागपूरकर भोसल्यांनाही कटक आणि वऱ्हाडाचा मुलूख सोडावा लागला होता. म्हणजे मराठ्यांचा दरबार चित्रात जेव्हा सर्वाधिक झळाळत होता, तेव्हाच प्रत्यक्षात त्याचा दम उखडत चालला होता. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाल्यानंतर तर दरबाराची ती शोभा पाहण्यासाठी आपल्याला मॅलेटच्या गौरवार्थ काढलेल्या या चित्राकडेच वळावे लागते. तसबीर कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या भिंतीसाठी झाली, हे विचारल्याशिवाय ती पुरती समजत नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पोशाखाचे सामर्थ्य आणि त्याची सीमा

गादीच्या खालोखाल मान पोशाखाचा. नागपूरकर भोसल्यांचे सेनासाहेबसुभा हे पद छत्रपतींकडून आलेले, आणि पद मिळणे म्हणजे त्या पदाची वस्त्रे मिळणे. शिरपेच, तुरा, मोत्यांचा कंठा, शिक्के-कट्यार, चवरी, अब्दागीर, जरीपटका या साऱ्या वस्तूंना ठरलेला अर्थ होता आणि चित्रकार त्या काळजीपूर्वक रंगवी. कारण चेहरा एखाद्या अनोळखी माणसाला पटला नाही, तरी शिरपेच पटतच असे. पण जी खूण अंगावर चढवता येते ती उतरवताही येते, हे या शहराने फार कठोरपणे अनुभवले आहे. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात औरस पुत्रावाचून वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि पाठोपाठ भोसल्यांचे हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. पिढ्यान्‌पिढ्या जे अलंकार धन्याच्या मानमरातबाची साक्ष देत होते, त्यांच्यावर बोली लागली आणि त्यांची किंमत रुपयांत ठरली. २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली गेलेली तलवार महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळवली, तेव्हा नागपूरकरांचे मन भरून आले, त्याच्या मुळाशी ही जुनी जखमच होती.

इंग्रजांनी पोशाखाची ही भाषा मोडली नाही. ती त्यांनी आपल्या दावणीला बांधली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करण्यात आले. त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात आपली कापडगिरणी सुरू केली आणि ती एम्प्रेस मिल या नावाने विख्यात झाली, हे येथील जुन्या मंडळींना सांगावयास नको. त्या दरबाराचे चित्र काढण्यासाठी व्हॅल प्रिन्सेप या चित्रकाराची नेमणूक झाली होती आणि त्याने संस्थानिकांच्या तसबिरी करण्यासाठी हिंदुस्थानभर प्रवास केला. प्रत्येक राजाला त्याच्या रत्नांसकट एका चित्रात बसवावयाचे आणि त्या सर्वांच्या वर साम्राज्याचा प्रतिनिधी ठेवावयाचा, ही कल्पना दरबारापुरती नव्हती. साम्राज्याची सारी रचनाच तशी होती.

बडोद्याचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला आणि १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती राज्याधिकार आले. त्या सुमारास तंजावरच्या मराठी परंपरेतले दिवाण सर टी. माधवराव यांच्या आमंत्रणावरून रविवर्मा बडोद्यास आले आणि त्यांनी तरुण महाराजांची तसबीर केली. रविवर्म्यांच्या कुंचल्याची खुबी अशी, की मोत्यांचे पाणी आणि मखमलीची लव हुबेहूब उतरूनही चेहरा त्यांच्याखाली दबत नसे. परंतु ज्या राजाला लहानपणापासून रत्नांचा अर्थ शिकवला गेला, त्याला रत्नांच्या अभावाचा अर्थही कळत होता. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे सयाजीराव पुरते अलंकार न घालता, हातात काठी घेऊन गेले, एकदाच लवले आणि पाठ वळवून परतले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी केवढा गहजब केला! महाराजांना खुलाशाचे पत्र लिहावे लागले. एका कंठ्याच्या अनुपस्थितीने साम्राज्याच्या मुत्सद्द्यांना अस्वस्थ करावे, यावरून दरबार हे स्वतःच एक चित्र होते आणि त्यातली एकही खूण वगळलेली त्यांना खपत नव्हती, हे उघड होते.

मेजावरची लेखणी

युरोप-अमेरिकेत याच्या कितीतरी आधी निराळाच पालट घडून गेला होता. राजाच्या जागी निवडून आलेला किंवा कर्तृत्वाने वर चढलेला पुरुष आला आणि त्याला राजाची वस्त्रे शोभणार नव्हती. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचे पूर्णाकृती चित्र काढले, तेव्हा खांब आणि पडदा जुन्या राजचित्रांतलाच ठेवला. पण अंगावर साधा काळा पोशाख आणि बाजूच्या मेजावर लेखणी व ग्रंथ ठेवले. १८१२ मध्ये दाविदने नेपोलियनला त्याच्या अभ्यासिकेत रंगवले, ते चित्र जवळून पाहावे इतके विचारपूर्वक रचलेले आहे. घड्याळाचा काटा चारच्या पुढे सरकला आहे, मेणबत्त्या जळत जळत तळाला आल्या आहेत, पायमोजे किंचित चुरगळले आहेत, तलवार कमरेला नसून खुर्चीवर ठेवलेली आहे, आणि मेजावरच्या कागदांच्या गुंडाळीवर त्याच्या कायदेसंहितेचे नाव अर्धवट दिसते. प्रजा झोपली असताना हा पुरुष तिच्यासाठी कायदे लिहीत जागला, एवढा मजकूर एका घड्याळाने आणि दोन-चार मेणबत्त्यांनी सांगितला आहे. मुत्सद्द्याच्या तसबिरीत श्रम हा पराक्रमाच्या बरोबरीने येऊन बसला, तो अशा चित्रांमधून.

आपल्याकडे हा पालट स्वातंत्र्यलढ्याने घडवला आणि तो अधिक खोल गेला. संसदेच्या जुन्या भवनातील मध्यवर्ती सभागृहात महात्मा गांधींचे सर ऑस्वाल्ड बर्ली यांनी केलेले तैलचित्र २८ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते लावण्यात आले. बर्ली हे इंग्लंडच्या राजघराण्याचे आणि सेनानींचे चित्रकार. पदके, झालरी, गणवेश रंगवण्यात ज्यांचा हात बसला, त्यांच्यापुढे येथे अंगावर एक वस्त्र असलेला पुरुष होता. गादी नाही, शस्त्र नाही, अलंकार नाही. ज्या ज्या खुणांनी दोनशे वर्षे सत्ता ओळखली जात होती, त्या सर्वांचा त्याग हीच त्यांची खूण. १९२० च्या नागपूर काँग्रेसने असहकाराचा ठराव कायम केला, आणि पुढे जवळच्या सेवाग्रामच्या मातीच्या कुटीत देशोदेशीचे पाहुणे जमिनीवर बसून या पुरुषाशी बोलले, हे ज्या प्रदेशाने पाहिले त्याला त्या चित्राचा अर्थ वेगळा समजावून देण्याचे कारण नाही.

त्याच सभागृहात १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दी वर्षात, लोकमान्यांचे चित्र लागले. ते गोपाळ देऊसकरांचे. अहमदनगरात जन्मलेले, जे. जे. कलाशाळेत आणि पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले देऊसकर मराठी रसिकांना पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातील बालगंधर्वांच्या चित्रांमुळे परिचित आहेत. टिळक कोणत्याही सरकारी हुद्द्यावर नव्हते; त्यांना खिलत मिळाली ती तुरुंगवासाची. तरी पुणेरी पगडी, उपरणे आणि भेदक नजर एवढ्यावर त्यांची तसबीर साऱ्या देशाला ओळखू येते. पगडी कधीकाळी पेशवाईतल्या दरबारी दर्जाची निशाणी होती; लोकमान्यांच्या मस्तकावर ती परक्या सत्तेपुढे न वाकणाऱ्या लोकमताची निशाणी झाली. एकाच वस्तूचा अर्थ धारण करणाऱ्याच्या चारित्र्याने असा बदलतो, आणि तो बदल टिपणे हे चित्रकाराचे खरे काम.

निळा कोट आणि हातातला ग्रंथ

या पालटाची शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी नागपुराने आपल्या डोळ्यांनी पाहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या अंगावर शुभ्र वस्त्रे होती. पण अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर ज्या तसबिरी मांडलेल्या असतात, ज्या कोणी भंडाऱ्याचा, कोणी यवतमाळचा, कोणी मराठवाड्यातला माणूस खांद्यावरच्या पिशवीत जपून घरी नेतो, त्यांतल्या बहुतेकांत बाबासाहेब निळा कोट, पांढरा सदरा आणि टाय अशा वेषात असतात. खिशाला लेखणी, हातात ग्रंथ. दीक्षेच्या दिवसाचे पूज्य स्मरण मनात असूनही लोकांनी भिंतीसाठी हा वेष निवडला, यामागे पुरते तर्कशास्त्र आहे.

ज्या समाजाने काय नेसावे, पायांत काय घालावे, कोणता दागिना अंगावर चढवू नये हे इतरांनी शतकानुशतके ठरवून ठेवले, त्या समाजाला पोशाखाची सत्ता पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात ओळखू आणणारी रीत टाकण्यास सांगितले, ते याच जाणिवेने. म्हणून त्यांचा नीटनेटका कोट हे परक्यांचे अनुकरण आहे असे जे कोणी समजतात, ते त्या चित्राचा पहिला शब्दच चुकीचा वाचतात. गांधीजींच्या तसबिरीत वस्त्राचा त्याग बोलतो, कारण ज्याच्याजवळ काही आहे त्यालाच त्याग शक्य असतो. बाबासाहेबांच्या तसबिरीत वस्त्राचा हक्क बोलतो. आणि त्या हक्काचे मूळ कशात, हे हातातला ग्रंथ सांगतो. संसद भवनाच्या आवारात १९६७ मध्ये उभारलेल्या ब्रह्मेश वाघ यांच्या पुतळ्यात तो ग्रंथ राज्यघटना आहे आणि उजवा हात पुढे उंचावलेला आहे. १९९० मध्ये, जन्मशताब्दीच्या उंबरठ्यावर, मध्यवर्ती सभागृहात झेबा अमरोहवी यांनी रंगवलेले त्यांचे तैलचित्र लागले. नागपूरच्या संविधान चौकातून जाणारा शाळकरी मुलगाही पुतळ्याच्या हातातल्या ग्रंथाचे नाव सांगू शकतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वी जी जागा गादीची होती ती आता ग्रंथाची आहे, आणि ही तसबीर कोणा दरबाराने करवून घेतलेली नसून लोकांनी आपल्या पदरच्या पैशाने घरोघर लावलेली आहे.

तसबिरीचे आपल्यावरचे ऋण

चित्रकार, चित्रविषय आणि समाज या तिघांचे मत नेहमीच जुळते असे नाही. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी विन्स्टन चर्चिल यांना त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश संसदेने ग्रॅहम सदरलँड यांनी केलेले चित्र अर्पण केले. सदरलँड यांनी वार्धक्याने जड झालेला, खुर्चीत रुतलेला, तरीही हट्टी पुरुष रंगवला होता. चर्चिल यांना तो मुळीच रुचला नाही आणि पुढे त्यांच्या पत्नीने ते चित्र नष्ट करविले. मुत्सद्द्याला आपली सत्ता चित्रात हवी असते, चित्रकाराला माणूस दिसत असतो. थोर चित्रात या दोहोंचा समेट होतो. तो साधला नाही तर एक तर खुशामत उरते किंवा भांडण.

सत्याचा हा आग्रह आपल्याही परंपरेत आहे. कित्येक वर्षे दुसऱ्याच एका मनुष्याचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून आपल्याकडे प्रचलित होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये डच लेखक व्हॅलेंटाइन याच्या अठराव्या शतकातील ग्रंथातले अस्सल परंपरेचे चित्र पुढे आणले आणि तो भ्रम दूर केला. पुढे कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी रंगवलेली महाराजांची तसबीर शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारली. ज्याला आपण सर्वाधिक मानतो त्याचा चेहरा अभ्यासाने निश्चित करण्याचे कष्ट एका पिढीने घेतले. तेवढी कळकळ आपण आज आपल्या भिंतींवरच्या तसबिरींविषयी बाळगतो काय?

या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. नागपूरचा उन्हाळा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत नेतो आणि त्यामागून लगेच दमट पावसाळा येतो. या फेऱ्यात ताणलेले कापड आकसते आणि सैलावते, वरचा सुकलेला रंग त्याच्याबरोबर हलू शकत नाही, आणि त्याला बारीक तडे जाऊन पापुद्रे सुटतात. त्यात आपण ओले हार थेट चित्रावर टेकवतो, समोर उदबत्त्या लावतो, आणि रंग उडाला की पाट्या रंगवणाऱ्याकडून त्यावर नवा रंग चढवून घेतो. ज्या चित्राला वंदन करावयाचे त्याचाच असा नाश आपल्या हातून होतो. आणखी एक उणीव मला फार खुपते. चौकटीखालच्या पितळी पट्टीवर चित्रविषयाचे नाव असते, अनावरण करणाऱ्याचे असते, देणगीदाराचे असते. चित्रकाराचे मात्र बहुधा नसते. बापूराव आठवल्यांच्या ज्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये सय्यद हैदर रझांसारखा कलावंत १९३९ ते १९४३ या काळात घडला, त्या शहरात तरी असे होऊ नये.

प्रत्येक संस्थेने आपल्या तसबिरींची यादी करावी, चित्रकाराचे नाव आणि वर्ष शोधून पट्टीवर नोंदवावे, हार चित्राला न घालता खालच्या मेजावर ठेवावा, आणि डागडुजीचे काम जाणकाराच्याच हाती सोपवावे. नवी तसबीर करावयाची असेल, तर एखादे छायाचित्र मोठे करून रंगवून घेण्याऐवजी चित्रकाराला अभ्यासाला अवकाश द्यावा. तो पुरुष कसा बसे, हात कसे हलवी, काय वाचत असे, हे ज्यांनी त्याला पाहिले त्यांच्याकडून त्याला ऐकू द्यावे. आणि समितीच्या पहिल्या बैठकीत, आकार आणि खर्च ठरवण्याआधी, सभासदांनी एकमेकांना एवढेच विचारावे की, या पुरुषाचे मोठेपण आपण नेमके कशात मानतो. नानांच्या काळातील लोकांना ते गादीच्या सान्निध्यात दिसले, सयाजीरावांच्या काळाला रत्नांत आणि मग रत्नांच्या नकारात दिसले, आपल्या वडीलधाऱ्यांना त्यागात आणि ग्रंथात दिसले. आपले उत्तर आपल्याला द्यावयाचे आहे. ते न देता कुंचला चित्रकाराच्या हाती दिला, तर कोट हुबेहूब येईल, चष्मा हुबेहूब येईल, आणि ज्यासाठी मान वर करून पाहावे असे त्या चौकटीत काहीही असणार नाही.